मस्टरवरचं नाव : घरचं की संघातलं?

१५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचं कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याला दिलं. बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढलेल्या रोहितने संघाला २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं मिळवून दिली होती. पुढच्या काळाची तयारी आजच करायला हवी, असं संघाचं म्हणणं होतं. व्यावसायिक संघाच्या रिवाजात हे बसणारंच आहे. तरीही २०२४ च्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी पंड्याची हुर्यो उडवली आणि संघ दहांत दहावा आला. लोकांना ही गोष्ट इतकी का लागली? एक कारण संघाने स्वतःच पुरवलं होतं. मुंबई इंडियन्स कित्येक वर्षं आपली ओळख 'वन फॅमिली' अशी करून देत आला आहे.

गंमत म्हणजे कंपन्यांच्या दुनियेत याच काळात नेमका उलटा सूर लागला आहे. 'आपण कुटुंब नाही, आपण संघ आहोत' हे वाक्य आता कॅलिफोर्नियापुरतं राहिलेलं नाही. अंधेरी, पवई, गोरेगाव, मालाडच्या काचेच्या इमारतींत नव्या माणसांच्या स्वागताला ते ऐकू येतं. मैदानावरचा संघ स्वतःला घर म्हणवतो आणि कार्यालय स्वतःला मैदान. या वादात दोन्ही बाजूंना काही ठोस मुद्दे आहेत, थोडंफार संशोधनही झालं आहे. आणि मुंबईच्या उपनगरांनी गेल्या ऐंशी वर्षांत हे दोन्ही प्रयोग अंगावर घेतलेले असल्याने हा प्रश्न इथूनच तपासणं सोयीचं.

वसाहत, कॅन्टीन आणि टाइम्स शील्ड

कंपनी म्हणजे कुटुंब ही कल्पना महाराष्ट्रात प्रथम गरजेतून आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा तिथे राहायला घर नव्हतं, प्यायला पुरेसं पाणी नव्हतं. माणसं टिकवायची तर गावच वसवावं लागणार होतं. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोदरेज घराण्याने १९४० च्या दशकात विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली, तिथे कारखान्यांबरोबर पिरोजशानगरची वसाहत झाली, १९५५ मध्ये उदयाचल शाळा सुरू झाली आणि खाडीकडची खारफुटी राखली गेली. घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यात सिएट, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स, क्रॉम्प्टन ग्रीव्हज, हेक्स्ट, जॉन्सन अँड जॉन्सन अशी रांगच लागली. पश्चिमेला पार्ल्यात बिस्किटं, गोरेगावात निरलॉनचा कृत्रिम धागा, कांदिवलीत महिंद्र.

या कारखान्यांत 'परमनंट' झालेल्या माणसाच्या लग्नाचा भाव वाढत असे, ही अतिशयोक्ती नव्हे. स्वस्तातलं कॅन्टीन, दिवाळीचा बोनस, पतपेढीचं कर्ज, मुलांच्या वह्या, आणि पुष्कळ ठिकाणी बापाच्या जागी मुलगा लावण्याची रीत. कुटुंब या शब्दाला त्या काळी असा रोकडा अर्थ होता.

त्याच काळात कंपन्यांचे खरेखुरे क्रीडासंघही होते, आणि आजच्या वादात ही बाजू सहसा कोणी आठवत नाही. टाइम्स शील्डसाठी टाटा, निरलॉन, मफतलाल, एसीसी, स्टेट बँक यांच्यात चुरस लागे. सुनील गावसकर निरलॉनमध्ये नोकरीला होते. कबड्डीत महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे आणि बँका यांनी कितीतरी मुलांना चाळीतून उचलून मस्टरवर आणलं. हा खेळाडू दुपारी सरावाला सुटायचा, सामन्यांसाठी त्याला रजा मिळायची, खेळ संपल्यावर तो रीतसर खुर्चीत बसून पुढची वीस-पंचवीस वर्षं नोकरी करायचा. गुडघा गेला म्हणून नोकरी जात नसे. संघ कुटुंबाच्या छपराखाली खेळत होता. आज कार्यालयात 'संघ' म्हणताना जो खेळाडू डोळ्यांपुढे असतो तो याच्या अगदी उलट आहे : लिलावात बोली लागलेला, हंगामापुरता करार असलेला.

निरलॉनच्या त्या जागेवर आता निरलॉन नॉलेज पार्क आहे. मॉर्गन स्टॅनली, जेपी मॉर्गन यांच्यासारख्या परदेशी वित्तसंस्थांची कार्यालयं तिथे आहेत. एका आवाराने हा सगळा बदल पाहिला.

कुटुंबाला पहिला तडा

जुन्या व्यवस्थेची आठवण काढताना ती सुखाचीच होती असं समजण्याची चूक होते. कुटुंबात कर्ता एकच असतो आणि हिशेबाची वही त्याच्याकडे असते. हे मान्य नसलेल्या कामगारांना घाटकोपरच्या पंतनगरातल्या एका डॉक्टरचा आधार वाटला. दगडखाणीतल्या मजुरांवर उपचार करता करता दत्ता सामंत त्यांचे पुढारी झाले. १९७२ मध्ये विक्रोळीत गोदरेजच्या दाराशी झालेल्या रक्तरंजित संघर्षानंतर त्यांना तुरुंगवास झाला. ज्या कंपनीची वसाहत आणि शाळा आदर्श म्हणून दाखवली जाई, तिथेच हे घडलं. कंपनीचा ताळेबंद काय सांगतो हे पाहणं कामगाराचं काम नाही, ही सामंतांची भूमिका होती. तिला कुटुंबाच्या भाषेत उत्तर नव्हतं. कारण कुटुंबात पगारवाढ मागत नाहीत, ती दिली जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही आणि गिरणगाव संपलं. उपनगरांतले कारखाने त्यानंतरही पंधरा-वीस वर्षं तग धरून होते. मग स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. 'व्हीआरएस घेतली' हे वाक्य नव्वदीच्या दशकात भांडुप-मुलुंडच्या घराघरांत बोललं गेलं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी थांबली. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ पासून चालू होता, तो २०१६ मध्ये बंद झाला आणि स्टेशनवर उतरताच येणारा वासही गेला. सामंतांची हत्या त्याआधीच, १६ जानेवारी १९९७ रोजी, पवईत झाली होती.

अंधेरीतले दोन दिवस

कुटुंबाच्या भाषेचा सर्वांत नाट्यमय प्रयोग मात्र कारखान्यात झाला नाही, विमान कंपनीत झाला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी जेट एअरवेजने सुमारे ८०० जणांना घरी बसवलं. एकूण आकडा १,९०० वर जाणार होता. बहुतेक जण विमानातले कर्मचारी, कित्येक अजून प्रोबेशनवर. गणवेशातली तरुण मुलं-मुली अंधेरीच्या रस्त्यावर उतरली आणि मनसेचे राज ठाकरे यांच्याकडे गेली. जेटची विमानं मुंबईतून उडू देणार नाही, असा इशारा ठाकरे यांनी दिला. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरच्या रात्री, अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेत असल्याचं जाहीर केलं. या मुलांच्या डोळ्यांतलं पाणी आपल्याला पाहवलं नाही, आपण या कुटुंबाचे वडीलधारे आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

तो निर्णय मायेपोटी झाला, राजकीय दडपणाखाली की दोन्हींमुळे, यावर तेव्हाही मतभेद होते. पण पुढच्या वर्षीच, सप्टेंबर २००९ मध्ये, संघटना बांधणाऱ्या वैमानिकांना काढल्यावर शेकडो वैमानिक एकाच वेळी 'आजारी' पडले आणि उड्डाणं रद्द होत राहिली. कुटुंबात संघटनेला जागा असते का, हा विक्रोळीचाच प्रश्न पुन्हा आला.

१७ एप्रिल २०१९ रोजी जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईत उतरलं. त्याआधी कित्येक आठवडे पगार थकले होते. सुमारे २० हजार लोकांचा रोजगार गेला. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठीही त्यांना न्यायालयात जावं लागलं. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. जे २००८ मध्ये वाचले, त्यांतले काही २०१९ मध्ये हात हलवत बाहेर पडले. २००८ मध्ये कपात झाली असती तर कंपनी तगली असती असं म्हणायला पुरावा नाही. इंधनाचे भाव, स्वस्त तिकिटांची स्पर्धा आणि कर्ज ही कारणं कितीतरी मोठी होती. तरी 'कंपनी म्हणजे संघ' मानणारी संघवादी मंडळी हे उदाहरण हमखास देतात, हे नोंदवायला हवं.

मैदानाची भाषा कुठून आली

माणसांना क्रमवारीत बसवून तळाच्यांना काढण्याची पद्धत जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये गाजली. वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० अशी ती विभागणी होती. मायक्रोसॉफ्टने त्याच वळणाची क्रमवारी वर्षानुवर्षं चालवली आणि २०१३ मध्ये सोडून दिली. कारण माणसं स्पर्धक कंपनीशी झुंजण्याऐवजी शेजारच्या टेबलाशी झुंजू लागली होती.

क्रीडासंघाची प्रतिमा मात्र नेटफ्लिक्सची. २००१ मध्ये डॉटकॉम कोसळल्यावर रीड हेस्टिंग्ज यांना १२० पैकी ४० माणसं कमी करावी लागली. उरलेल्यांचा उत्साह मावळेल अशी भीती होती, घडलं उलटं. कामाचा दर्जा चढला, कारण आता आजूबाजूला सगळे तयारीचे होते. यातून निघालेलं तत्त्वज्ञान २००९ मध्ये स्लाइडींच्या रूपात जगापुढे आलं. त्याची मांडणी करणाऱ्यांत मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख पॅटी मॅकॉर्ड होत्या. त्यातली एक कसोटी प्रसिद्ध झाली : हा माणूस उद्या सोडून जातो म्हणाला, तर त्याला थांबवण्यासाठी तुम्ही झगडाल का? उत्तर नकारार्थी असेल तर त्याला आजच भरघोस रक्कम देऊन निरोप द्या. बरं काम करणाऱ्यालाही निरोपच, फक्त पाकीट जाड. मॅकॉर्ड स्वतः २०१२ मध्ये नेटफ्लिक्समधून बाहेर पडल्या.

लिंक्डइनचे सहसंस्थापक रीड हॉफमन यांनी २०१४ मध्ये याला मवाळ रूप दिलं. कंपनी आणि कर्मचारी यांनी ठरावीक मोहिमेपुरता करार करावा, दोघांनी एकमेकांचं भलं करावं आणि वेळ आली की सन्मानाने वेगळं व्हावं. २०२० मध्ये शॉपिफायच्या टोबी ल्युटके यांनी आपल्या व्यवस्थापकांना लिहून कळवलं, की शॉपिफाय हे कुटुंब नाही. कुटुंबात माणूस जन्माने येतो, त्याला काढता येत नाही.

भारतात ही भाषा नवउद्योगांबरोबर आली. तिला इथे रुजायला एक आयती जमीन मिळाली, तिला बोलीत 'लाला कंपनी' म्हणतात. मरोळ, साकीनाका, मुलुंडच्या गाळ्यांत शेठ मुलीच्या लग्नाला उचल देतो, आजारपणात दवाखान्यात येऊन बसतो, आणि नेमणूकपत्र मागितलं की 'तू तर घरचाच' म्हणतो. भाचा थेट केबिनमध्ये बसतो. अशा ठिकाणी दहा वर्षं काढलेल्या तरुणाला 'इथे नातं नाही, फक्त कामगिरी' हे वाक्य थंड वाटत नाही. मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटतं.

दोन्हींकडचे वकील

संघवाद्यांचा पहिला मुद्दा प्रामाणिकपणाचा. कंपनी तोट्यात गेली की माणसं कमी होणारच, मग आधी लेकरू म्हणून जवळ घेणं हीच फसवणूक. दुसरा मुद्दा न्यायाचा. निवड कामगिरीवर झाली तर आडनाव, गाव, जात, ओळख यांचं वजन कमी होतं. हा मुद्दा आपल्याकडे अमेरिकेपेक्षाही मोलाचा आहे. रोहित शर्माचंच पाहा. दिनेश लाड या प्रशिक्षकांनी बोरिवलीच्या शाळेत त्याची फी माफ करवून घेतली, ती नात्यामुळे नव्हे, खेळामुळे. तिसरा मुद्दा वेळेचा. कुटुंब म्हटलं की रात्री दहाचा फोनही घरचाच होतो. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास कामाचा आणि रविवारीही बोलावता येत नसल्याच्या खंतीचा उल्लेख केला, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये देशभर गदारोळ झाला. अमर्याद निष्ठा मागण्याची ही सवय कुटुंबाच्या भाषेत दडलेली असते, असं संघवादी म्हणतात. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये २०२१ साली आलेल्या एका लेखाचा रोखही हाच होता : कुटुंबाचं बिरूद लावलेल्या ठिकाणी लोक चुकीची गोष्ट दिसली तरी बोलत नाहीत आणि स्वतःला पिळून घेतात.

कुटुंबाची बाजू घेणारे भावनेवर बोलतात असा समज आहे. त्यांच्याजवळ आकडेही आहेत. बोरिस ग्रॉयसबर्ग आणि सहकाऱ्यांनी वॉल स्ट्रीटवरच्या १,०५२ नामांकित विश्लेषकांचा १९८८ ते १९९६ या काळातला आलेख तपासला. कंपनी बदलल्यावर त्यांतल्या ४६ टक्क्यांची कामगिरी पुढच्या वर्षी खालावली. ज्याला आपण त्या माणसाची बुद्धी समजत होतो, तिचा बराच भाग जुन्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांत, माहितीत आणि सवयींत होता. जे आपला चमू घेऊन गेले त्यांचं नुकसान कमी झालं. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी २००६ मध्ये हृदय-शल्यविशारदांबाबत असंच काही दाखवलं. एकच सर्जन अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करतो, पण एका ठिकाणी हात बसला म्हणून दुसऱ्या ठिकाणचे निकाल सुधारत नाहीत. ओळखीची परिचारिका, ओळखीचा भूलतज्ज्ञ यांचाही त्यात वाटा असतो.

आणखी एक अभ्यास थेट मैदानावरचा आहे. रॉडरिक स्वाब, अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉलच्या संघांची तुलना केली. पहिल्या दोन खेळांत अव्वल खेळाडूंची गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की कामगिरी घसरते. बेसबॉलमध्ये तसं होत नाही, कारण तिथे फटका मारणारा बराचसा एकटाच असतो. म्हणजे 'संघासारखी कंपनी' एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या खेळासारखी? विमा विकणाऱ्या प्रतिनिधींचं काम बेसबॉलकडे, थोडंफार क्रिकेटकडे झुकतं. सीप्झमधल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचं काम कबड्डीच्या साखळीसारखं : एकाने हात सोडला की चढाईपटू सुटला. या भेदाकडे व्यवस्थापनाची पुस्तकं फारशी वळत नाहीत.

उसनं घेताना काय वगळलं

क्रीडासंघाची उपमा कंपन्यांनी अर्धीच उचलली, हा आक्षेप प्रस्तुत लेखकाला या वादातला सर्वांत वजनदार वाटतो. खऱ्या व्यावसायिक संघात खेळाडूला काढता येतं, पण कराराची मुदत लिहिलेली असते. आयपीएलमध्ये पूर्ण हंगाम उपलब्ध राहिलेला खेळाडू एकही सामना न खेळता बाकावर बसला तरी त्याची ठरलेली रक्कम बुडत नाही. पगार जगजाहीर असतो. २०२५ साठी मुंबई इंडियन्सने रोहितला १६.३० कोटींना राखलं आणि नव्या कर्णधाराला १६.३५ कोटींना, हे रिक्षावाल्यालाही ठाऊक होतं. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंची संघटना १९५४ पासून आहे आणि ती मालकांशी सामुदायिक करार करते. कार्यालयाने यातलं काढण्याचं स्वातंत्र्य घेतलं. मुदतीचा करार, उघडे पगार आणि संघटना सहसा दाराबाहेर राहिल्या. नेटफ्लिक्सने निदान निरोपाची रक्कम तरी ठेवली, साधारण चार महिन्यांच्या पगारापासून पुढे. आपल्याकडच्या अनेक नवउद्योगांनी वाक्य घेतलं, पाकीट घेतलं नाही. भारतीय क्रिकेटपटूंची बाजूही इथे लंगडी आहे. २०१९ मध्ये स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंपुरती आहे.

तेवढाच आक्षेप कुटुंबवाद्यांवरही घेता येतो. कुटुंबात मिळकतीत वाटा असतो, आणि भांडणही त्यावरूनच होतं. कंपनीत तो वाटा कुठे असतो?

वाटा देणारे

या प्रश्नाला उपनगरांनी काही उत्तरं देऊन पाहिली आहेत. लार्सन अँड टुब्रोवर बिर्लांच्या ग्रासिमचा डोळा होता. २००३ मध्ये सिमेंटचा व्यवसाय वेगळा झाला तेव्हा ग्रासिमकडचे भाग कर्मचाऱ्यांच्या न्यासाने घेतले. आजही कंपनीचा सुमारे १४ टक्के हिस्सा त्या न्यासाकडे आहे. हे घडवण्यात पुढाकार असलेले ए. एम. नाईक १९६५ मध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि २०२३ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले. अठ्ठावन्न वर्षं एका कंपनीत, हे कुटुंब म्हणावं की दीर्घ कारकीर्द? रविवारच्या कामावरून टीका झाली तीही याच कंपनीवर, एवढं पाहिलं तरी एका प्रतिमेत कंपनी मावत नाही हे दिसतं.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सची कथा याहून तिखट आहे. मालक घराण्यातल्या भाऊबंदकीने कंपनी बुडाली आणि १९८५ मध्ये बंद पडली. म्हणजे खरं कुटुंबच तिच्या मुळावर आलं. युनियनने न्यायालयात लढा दिला आणि १९८८-८९ मध्ये कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. काही वर्षं तो नफ्यात चालला, पुढे भांडवल आणि बाजार दोन्ही आटले.

टिकलं ते लिज्जत. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या संस्थेत आज ४५ हजारांवर 'बहिणी' आहेत. नात्याचा शब्द आहेच, पण प्रत्येक बहीण भागीदार आहे आणि नफा-तोटा वाटून घेतला जातो. पहाटे पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी तोलून पैसे घ्यायचे. पापडाचा दर्जा उतरला तर माल परत. माया आणि कसोटी एकत्र नांदू शकतात का, या प्रश्नावर हा साठ वर्षांहून जुना पुरावा आहे. तो पापडाबाहेर किती लागू पडतो, हे मात्र कोणी नीट तपासलेलं नाही.

आज कुठे आहे वाद

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा हा वाद पुस्तकांतून बाहेर आला. १९६८ पासूनची कंपनी, टाटांचं नाव, 'टीसीएसची नोकरी म्हणजे सरकारी नोकरी' असं मानणारे आईवडील. कौशल्य आणि गरज यांचा मेळ बसत नाही असं कारण कंपनीने दिलं. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत होती, म्हणजे ज्यांची वयं चाळिशीत आणि कर्जाचे हप्ते ऐन भरात. त्याच्या महिनाभर आधी 'बेंच'वर, म्हणजे प्रकल्पाविना, वर्षात जास्तीत जास्त ३५ दिवस राहता येईल असा नियम आला होता. बेंच हा शब्द मैदानावरचाच, पण मैदानावर बाकावर बसण्याला दिवसांची अशी मर्यादा नसते.

कायद्याचं चित्र अजून धूसर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही, पूर्वी ही मर्यादा १०० होती. मुदतीच्या नोकरीला मान्यता मिळाली आणि अशा कर्मचाऱ्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. मुदतीचा करार ही तर संघाचीच रीत, तिला कायद्याने संरक्षणासह मान्यता दिली असं म्हणता येईल. पण पूर्वपरवानगीची तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती होती आणि आहे. काचेची इमारत तिच्या कक्षेत कधीच नव्हती. कपातीच्या भरपाईचा, म्हणजे प्रत्येक वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांच्या पगाराचा हक्क मिळवायचा तर आधी आपण कायद्याच्या दृष्टीने 'कामगार' आहोत हे सिद्ध करावं लागतं. संगणकापुढे बसणारा अभियंता कामगार की व्यवस्थापक? चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये टीसीएसच्या एका कर्मचाऱ्याला कामगार ठरवून परत घेण्याचा आदेश दिला, तोही नोकरी गेल्यानंतर सात वर्षांनी. सरसकट नियम अजून ठरलेला नाही.

दोन प्रश्न तर या वादाच्या चौकटीतच बसत नाहीत. घाटकोपरच्या चौकात दुचाकीवर थांबलेल्या मुलाला कंपनी ना लेकरू म्हणते ना खेळाडू, ती त्याला 'पार्टनर' म्हणते. सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची नोंद घेतली आहे, नोकर म्हणून नव्हे. दुसरा प्रश्न वयाचा. खेळाडू पस्तिशीत निवृत्त होतो हे सगळे धरून चालतात आणि त्याची कमाई त्या हिशेबाने होते. पंचेचाळिशीत संघाबाहेर पडणाऱ्या मुलुंडच्या प्रकल्प-व्यवस्थापकाच्या पगारात ही तजवीज आहे का, याचा अभ्यास भारतात जवळपास झालेला नाही.

उपलब्ध पुराव्यावरून एवढं म्हणता येतं : कुटुंबाची भाषा करणाऱ्यांनी संकटात ती पाळलीच असं नाही, आणि संघाची भाषा करणाऱ्यांनी संघाचे नियम पूर्ण घेतले असंही नाही. न्यायालयं आणि संहितांचे नियम हा घोळ सोडवतील तेव्हा सोडवोत. तोवर अंधेरी-पवईत नव्याने रुजू होणाऱ्यांनी स्वागताचं भाषण जरूर ऐकावं, पण सही करण्याआधी नेमणूकपत्रातली नोटिशीची मुदत, काढल्यास मिळणारी रक्कम आणि आपल्या हुद्द्याचं वर्णन वाचून घ्यावं. न्यायालयात उद्या हेच कागद उघडले जातील.